सोलापुरात जुळ्यांचं स्कॅनिंग: पाचपैकी चार स्टार, एक काउंटरमुळं कापलाय

आधीच सांगतो, सेंटरचं नाव लिहिणार नाही. चांगलं पण लिहायचंय आणि तक्रार पण करायचीय, आणि सोलापूर केवढंसं आहे, उद्या परत तिथंच जायची वेळ आली तर काय तोंड दाखवू. पोटातल्या बाळाचं बघणारे फीटल मेडिसिनवाले आपल्याकडं मोजकेच आहेत, तुमच्या गायनॅकला विचारलं की ते चिठ्ठी लिहून देतातच. मी फक्त तिथं काय होतं, काय विचारायचं आणि कुठं डोकं तापतं तेवढं सांगतो, कारण आम्ही गेलो तेव्हा मराठीत वाचायला काही म्हणजे काही सापडलं नव्हतं, सगळं इंग्रजीत आणि ते पण वाचून ताप येईल असं.

आमची केस अशी. मिसेस 36 वर्षांची, लग्नाला नऊ वर्षं, त्यातली तीन ट्रीटमेंटमध्ये गेली, शेवटी आयव्हीएफ, दोन एम्ब्रिओ ट्रान्सफर केले आणि दोन्ही राहिले. घरी दिवाळी. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. माझ्या आईनं, अम्मानं तर दोन पाळण्यांची चौकशी पण सुरू केली होती.

पहिली सोनोग्राफी आठव्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी झाली. रिपोर्टवर काय लिहिलं होतं तर जुळी आहेत, दोघांचे ठोके आहेत. बस. आम्हाला पण तेवढंच पाहिजे होतं त्यामुळं खूश होऊन बाहेर आलो आणि रसपान करून घरी. पुढं कळलं की जुळ्यांच्या रिपोर्टवर सगळ्यात आधी जे लिहायला पाहिजे तेच त्यात नव्हतं, म्हणजे दोघांची वार (प्लॅसेंटा, जिला बाळाची नाळ जोडलेली असते) वेगळी आहे का एकच. कुणीतरी एक ओळ लिहिली असती तर... जाऊ दे. तुम्ही मात्र रिपोर्ट हातात आला की पहिलं ते शोधा. डायकोरिओनिक म्हणजे दोन वारा, मोनोकोरिओनिक म्हणजे दोघांत एक. यापैकी काहीच लिहिलेलं नसलं तर तिथंच उभं राहून विचारा, लाजू नका.

बाराव्या आठवड्यात गायनॅकनी एनटी स्कॅनसाठी या सेंटरला पाठवलं. नेमका गड्ड्याचा टाइम (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा), होम मैदानाकडचे रस्ते जाम, रिक्षावाला म्हणतोय मी इकडनं जात नाही, तिकडनं जात नाही. साडेनऊची अपॉइंटमेंट होती, नंबर लागला पावणेएकला. हे धरूनच चला. अपॉइंटमेंट म्हणजे तिथं फक्त त्या दिवशी या एवढाच अर्थ. हॉलमध्ये अक्कलकोट, तुळजापूर, बार्शी, पार कर्नाटकातल्या इंडीकडनं आलेले लोक, मराठी, कन्नड, तेलुगू सगळं चालू. एक पाण्याचा कॅन, ग्लास एकच, साखळीनं बांधलेला. भिंतीवर तो बोर्ड असतोच, गर्भलिंग निदान केलं जात नाही, कायद्यानं गुन्हा आहे. आधार कार्ड घेतात, एफ फॉर्म भरून घेतात, त्यावर सही. 1994 चा कायदा आहे तो आणि इथं तो पाळतात, गंमत म्हणून पण कुणी विचारू नका. आमच्या पुढच्या एका काकांनी नुसतं हसत हसत "मग पेढे का बर्फी" म्हणलं तर स्कॅन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी त्यांना दारातनंच परत पाठवलं.

आता मेन गोष्ट. आत गेल्यावर मॅडमनी पन्नास मिनिटं घेतली. पन्नास! पहिल्या ठिकाणी सहा मिनिटांत उरकलं होतं. समोर भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय, पेशंटला पण दिसतं. आधी त्यांनी वार बघितली. दोन्ही वारा एकमेकीला चिकटून एकच असल्यासारखी दिसत होती, पण दोन पिशव्यांमधला पडदा जिथं वारेला टेकतो तिथं वारेचा त्रिकोणी तुकडा पडद्यात घुसलेला होता. त्याला लॅम्बडा साइन म्हणतात म्हणे. तो दिसला की वारा दोन. एकच वार असली तर पडदा पातळ असतो आणि इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ टेकतो. आणि ही खूण 11 ते 14 आठवड्यांतच नीट दिसते, नंतर पुसट होत जाते. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात, अजून महिना घालवला असता तर मी पण एवढ्या खात्रीनं सांगू शकले नसते.

मग एकेक बाळ. खाली गर्भपिशवीच्या तोंडाजवळ होतं ते ट्विन ए, वर उजवीकडं होतं ते ट्विन बी. हे पण नुसतं म्हणून सोडलं नाही, साध्या कागदावर पेननी चित्र काढलं, पिशवी, पडदा, कोणाची नाळ कुठं, आणि तो कागद आमच्या फाइलला लावला. घरी येऊन अम्माला दाखवला तर तिनं लगेच नावं ठेवली, किंदा आणि पैना, म्हणजे तेलुगूत खालचं आणि वरचं. तेव्हापासनं घरात सगळे तेच म्हणायला लागले.

एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी. बाळाची लांबी 45 ते 84 मिलिमीटर असताना मोजतात, म्हणजे साधारण 11 आठवड्यांपासनं 14 व्या आठवड्याच्या आत. किंदाची 1.6 मिलिमीटर आली. पैनाची मॅडमनी एकदा मोजली, दोनदा मोजली, मिसेसला कुशीवर वळायला लावलं, बाळ हलायची वाट बघितली, तिसऱ्यांदा मोजली. 4.2. साडेतीनच्या वर गेलं की ते नुसतं जरा जास्त आहे म्हणून सोडत नाहीत. नाकाचं हाड पण नीट दिसत नव्हतं. या दोन्ही गोष्टी क्रोमोसोमच्या (पेशीतले गुण वाहणारे धागे) प्रॉब्लेमकडं बोट दाखवतात.

इथनं पुढं मॅडमनी जे केलं त्यासाठी मी चार स्टार दिलेत, मशीनसाठी नाही. मशीन काय ओ, पैसे टाकले की येतंय. त्यांनी मशीन बंद केलं, मिसेसला उठून बसू दिलं, कपडे नीट करू दिले, पाणी दिलं आणि मग बोलल्या. आणि बोलल्या तिच्याशी. माझ्याकडं बघतच नव्हत्या, मला जरा लागलंच ते तेव्हा, बिल मी भरतोय आणि मला कुणी विचारंना. नंतर कळलं, सही तिचीच लागते, नवऱ्याची लागत नाही, कायद्यातच तसं आहे आणि बरोबर आहे.

त्यांचं सगळं बोलणं एकाच गोष्टीवर होतं, की दोन बाळं म्हणजे दोन वेगळे हिशोब. तुमचे दोन एम्ब्रिओ म्हणजे दोन वेगळी बीजं, एकाच वेळी पोटात आलेली दोन भावंडं. एकात क्रोमोसोमचा प्रॉब्लेम असला म्हणजे दुसऱ्यात असेलच असं अजिबात नाही. आईच्या वयाचा जो धोका असतो (डाउन सिंड्रोमचा म्हणाल तर पस्तिशीला साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक) तो प्रत्येक बाळाला स्वतंत्र लागतो, म्हणून दोघांपैकी एकात तरी निघायचा चान्स जवळपास डबल. एका बीजाची दोन झालेली असतात, सारखी दिसणारी, त्यांच्यात क्रोमोसोमचं असलं तर बहुतेक दोघांत असतं नाहीतर कुणातच नाही. पण गंमत अशी की अशा सारख्या जुळ्यांत सुद्धा शरीर घडण्यातली खोट, हृदयाची म्हणा मणक्याची म्हणा, बऱ्याचदा एकातच निघते, आणि एका बीजाच्या जुळ्यांत असल्या खोटी एकट्या बाळापेक्षा जास्त दिसतात. हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं सारखी म्हणजे सगळंच सारखं.

दुसऱ्या खेपेला अम्मा बरोबर आली. तिनं आत गेल्या गेल्या विचारलं, हिनं ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं का. मी मान खाली घातली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांची सिस्टर वालचंद कॉलेजकडची, तेलुगू येत होतं, तिला मध्ये बसवलं आणि सांगितलं की माणसात 46 क्रोमोसोम असतात, 23 जोड्या. बीज तयार होताना प्रत्येक जोडी सुटून अर्धं अर्धं वाटून जायला पाहिजे. कधी एखादी जोडी सुटतच नाही, मग बाळाला तो नंबर दोनच्या जागी तीन मिळतो, त्याला ट्रायसोमी म्हणतात. 21 नंबरचे तीन झाले तर डाउन, 18 चे झाले तर एडवर्ड्स, 13 चे झाले तर पटाऊ. हे मूल राहायच्या आधीच होऊन गेलेलं असतं, ग्रहण, पपई, स्कूटर, ऑफिस कशाचा संबंध नाही. आणि बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊन थांबलेली असतात, वय वाढत जातं तशी ती जोडी सुटायला त्रास होतो.

हे ऐकल्यावर अम्माचा चेहरा एकदम उजळला, कारण आईच्या पोटात म्हणजे आमच्या सासूबाईंच्या पोटात, म्हणजे दोष विहिणीकडं. मॅडमनी पकडलं ते. म्हणाल्या, "अम्मा, विहिणींनी पण काही केलेलं नाही." सिस्टरनं ते तेलुगूत जरा जोरातच सांगितलं. हसू आलं राव तेवढ्यातही.

टेस्टबद्दल थोडं सांगतो कारण यात लोकांचे लै पैसे जातात. डबल मार्कर म्हणजे क्रोमोसोमचा धोका बघायची रक्ताची टेस्ट. तिचं रक्त आईचं एकच, त्यात दोन्ही बाळांचं मिसळलेलं, त्यामुळं जुळ्यांत ते एकट्या बाळाइतकं नेमकं चालत नाही, एनटीच्या मापाबरोबर लावूनच बघतात. दुसरी ती महागडी एनआयपीटी, तिच्यात आईच्या रक्तातले वारेचे डीएनएचे तुकडे बघतात, 21 नंबरसाठी जुळ्यांत पण चांगली चालते, पण धोका आहे असं आलं तर कुणाला आहे ते सांगत नाही, आणि शेवटी ती पण चाळणीच, पक्कं निदान नाही. आणि सुरुवातीला जुळी असून एक आपोआप विरघळून गेलं असेल तर त्या गेलेल्या बाळाचे तुकडे रक्तात राहून रिपोर्ट फसू शकतो, तसं झालं असेल तर आधीच सांगा. आम्हाला एनआयपीटी करू का विचारलं तर मॅडम म्हणाल्या, करा म्हणलं तर माझं काही जात नाही, पण एनटी एवढी आहे तर शेवटी सुई टाकावीच लागणार, ते पैसे तिकडं ठेवा. दुकानदार असून गिऱ्हाईकाला माल नको घेऊ म्हणणारा माणूस मी फार कमी बघितलाय.

सुई म्हणजे ॲम्निओसेंटेसिस, 15 आठवड्यांनंतर करतात. आमची सोळाव्या आठवड्यात झाली. त्याच्याआधी वारेचा तुकडा काढायची दुसरी टेस्ट असते, ती लवकर होते, पण आमच्या दोन वारा चिकटलेल्या, एकीचा तुकडा दुसरीत मिसळायची भीती, म्हणून थांबायचं ठरलं. महिनाभर थांबणं काय असतं ते लिहीत नाही. गर्भपात व्हायचा धोका असतो, जुळ्यांत एकट्यापेक्षा थोडा जास्त, ते मराठीत छापलेल्या कागदावर वाचायला दिलं, दोन दिवस घरी नेऊ दिलं आणि कॉपी पण आमच्याकडंच. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, हिचा ओ पॉझिटिव्ह त्यामुळं ते वाचलं.

त्या दिवशी मॅडमनी आधी तो पेननं काढलेला कागद फाइलमधनं काढला आणि स्क्रीनशी जुळवला. कोण किंदा, कोण पैना. दोघांना वेगवेगळी सुई, पाणी फिकट पिवळं. ट्यूबवर चिठ्ठी लावली आणि मिसेसला म्हणाल्या, वाचा मोठ्यानं. तिनं झोपल्या झोपल्या वाचलं, ट्विन ए खालचं, मग दुसऱ्याला ट्विन बी वरचं. आमच्या युनिटला गठ्ठ्यावरचा नंबर चुकला तर फार तर एक गठ्ठा परत येतो. इथं चिठ्ठी बदलली असती तर काय झालं असतं याचा मी आजही विचार करत नाही. दुखतं का तर ती म्हणाली सुईचं कमी, पोट आवळल्यासारखं जास्त. दोन दिवस झोपून होती.

सॅम्पल बाहेरगावच्या लॅबला जातात. 13, 18, 21 चा झटपट रिपोर्ट चौथ्या दिवशी आला, पूर्ण कॅरिओटाइप (सगळ्या क्रोमोसोमची तपासणी) जवळपास तीन आठवड्यांनी. रिपोर्टवर मुलगा मुलगी कुठंच नसतं, ते झाकूनच देतात.

आणि आता तो स्टार का कापला. रिपोर्ट घ्यायला बोलावलं त्या दिवशी हॉल गच्च, आम्ही मागं भिंतीला टेकून उभे. काउंटरवरच्या मुलीनं फाइल उचलली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली, "ते ट्विन्स ॲबनॉर्मलवाले कोण आहेत, आत चला." वीस माना वळल्या. मिसेस एका बाईच्या पायाला अडखळली, ती बाई सॉरी म्हणाली, ही पण सॉरी म्हणाली. दारापर्यंतची ती पंधरा पावलं. आतमध्ये कळायच्या आधीच आम्हाला बाहेर कळलं होतं. तुम्ही आत पन्नास मिनिटं एवढ्या मायेनं बोलता आणि बाहेर एका ओरडण्यात ते सगळं पाण्यात. मी तक्रारवहीत अख्खं पान लिहिलं, रागात शुद्धलेखन पण सोडलं. पुढच्या खेपेपासनं नुसता टोकन नंबर पुकारत होते, म्हणजे वाचतात. तरी स्टार परत देत नाही.

किंदा नॉर्मल. पैनाला ट्रायसोमी 18.

मॅडमनी गोड करून सांगितलं नाही आणि घाबरवलं पण नाही. एडवर्ड्स सिंड्रोम, 1960 साली पहिल्यांदा लिहिलं गेलं, यातली बरीचशी बाळं पोटातच जातात, जन्मली तरी बहुतेक वर्षाच्या आत जातात, शंभरातली पाच दहाच वर्ष ओलांडतात. मग रस्ते सांगितले. एक, काहीच करायचं नाही, दर चार आठवड्यांनी बघत राहायचं. दुसरा, त्या एकाच बाळाचे ठोके थांबवायचे, हृदयात पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन देऊन. वारा दोन आहेत म्हणून तुमच्यात हे होऊ शकतं. एकच वार असती तर रक्तवाहिन्या जोडलेल्या, औषध दुसऱ्याकडं गेलं असतं, तिथं मग नाळेतला रक्तप्रवाह बंद करायची वेगळी पद्धत लागते, रेडिओफ्रिक्वेन्सी वगैरे. बघा, पहिल्या रिपोर्टवर न लिहिलेली ती एक ओळ किती लांबपर्यंत पुरते. दुसऱ्या बाळाला धोका असतोच, लवकर कळा येऊ शकतात. आणि हे मी इथं करत नाही, करायचं ठरलं तर पुण्याला किंवा हैदराबादला चिठ्ठी देते, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. कायद्याचं पण सांगितलं, 2021 च्या बदलानंतर 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, बाळात मोठी विकृती असेल तर 24 च्या पुढं मेडिकल बोर्डाकडं जाता येतं, म्हणजे घाईनं आज रात्रीच ठरवायला पाहिजे असं नाही.

मिसेसनं एकच विचारलं, वरच्याला काही कळतंय का. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ते मला नाही सांगता येणार. आमच्या तीन वर्षांच्या ट्रीटमेंटमध्ये डॉक्टरच्या तोंडून पहिल्यांदा हे ऐकलं.

आम्ही काही करायचं नाही असं ठरवलं. म्हणजे तिनं ठरवलं. किंदाच्या जवळ आता अजून एक सुई नको, एवढंच कारण. हे लिहितोय म्हणून दुसरा रस्ता चुकीचा असं कुणी समजू नका. तिथंच चहाच्या टपरीवर बार्शीकडचे एक जण भेटायचे, त्यांची पण जुळी, क्रोमोसोम दोघांचे नॉर्मल पण एका बाळाची कवटीच तयार झालेली नव्हती. असं बाळ जगत नाही, शिवाय त्याच्या पिशवीत पाणी वाढत जाऊन चांगल्या बाळाची वेळेआधी डिलिव्हरी व्हायची भीती. त्यांनी इंजेक्शनचा रस्ता घेतला. मी विचारलं मॅडम काय म्हणाल्या, तर ते म्हणाले, काहीच नाही ओ, तारीख घेऊन दिली आणि माघारी आल्यावर स्वतः फोन केला. आम्हाला पण तसाच फोन आला होता. (फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासनं का घ्यायची ते पण मला टपरीवरच कळलं, मणक्याची आणि डोक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटून जाते, पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बऱ्याचदा काम झालेलं असतं.)

मार्चमध्ये ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचा एकेक अवयव बघतात तो. इथं बिलावरनं माझं काउंटरशी वाजलं. जुळ्यांचा रेट वेगळा, जवळपास दीडपट. आणि मी, आता लाज वाटते पण खरं ते लिहितो, मी म्हणलं दुसऱ्याचं तर सगळं माहितीच आहे, त्याचं बघून काय करायचं, एकाचेच घ्या. आमच्या युनिटला चेकिंग टेबलवर डागी पीस निघाला की बाजूला फेकतात, त्याला कुणी परत मोजत नाही. मिसेसनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि पर्समधनं स्वतः पैसे काढून दिले. आत गेल्यावर मॅडमनी विचारलं, वरच्याला बघायचंय का, नको असेल तर टीव्ही बंद करते. ही म्हणाली बघायचंय. मग मॅडमनी पैनाला पण तेवढाच वेळ दिला. हृदयाच्या पडद्याला भोक, बेंबीपाशी आतड्याचा थोडा भाग बाहेर, दोन्ही मुठी घट्ट आणि बोटं एकमेकांवर चढलेली. मुठी उघडतच नव्हत्या. मॅडमनी प्रत्येक गोष्ट बोट ठेवून दाखवली, हिनं प्रत्येक बघितली. बिलाचं मी परत काढलं नाही.

एप्रिलच्या शेवटी, बाहेर 42 डिग्री आणि हॉलचा एसी बंद (दुरुस्तीवाला येतोय, असं दीड महिना सांगत होते, हे पण लिहून ठेवा), 27 वा आठवडा. मॅडमनी वर प्रोब ठेवला आणि हलवलाच नाही. मग म्हणाल्या, वरच्याचे ठोके थांबलेत, खालचं चांगलं आहे, दोन्ही गोष्टी आजच्याच आहेत.

घरी नातेवाइकांनी जीव खाल्ला, मेलेलं बाळ पोटात ठेवलंय, विष पसरेल, आजच काढून टाका. मी रात्री साडेनऊला फोन केला, त्यांनी उचलला. वारा वेगळ्या असल्यानं किंदाच्या रक्ताशी पैनाचा संबंध नाही, विष वगैरे काही होत नाही, आत्ता काढायला गेलो तर किंदा 27 आठवड्यांचीच बाहेर येईल. आईचं रक्त गोठण्याची टेस्ट करत राहू म्हणाल्या आणि केली, नॉर्मल राहिली. एकच वार असती तर एक गेल्यावर दुसरं जायचा धोका शंभरात पंधराच्या आसपास, वाचलं तरी मेंदूला इजा होऊ शकते, कारण रक्त एकाकडनं दुसऱ्याकडं ओसरतं. परत तीच ओळ. एका वारेच्या जुळ्यांना म्हणूनच 16 आठवड्यांपासनं दर पंधरा दिवसांनी बोलावतात, तुमची तशी असतील तर एक पण तारीख चुकवू नका, लग्नकार्य असलं तरी.

किंदा 37 व्या आठवड्याच्या तोंडावर सिझेरियननं झाली, पायाळू होती म्हणून, 2 किलो 300. पैना पण त्याच दिवशी बाहेर आलं. त्याबद्दल एवढंच.

आता पैशाचं, कारण ते सगळेच विचारतात. आमचं एनटीला साडेचार हजार, ॲनॉमलीला सहा, दोन सुयांचं लॅबसकट चाळीसच्या वर गेलं. पावती मिळते, यूपीआय चालतं, कार्डचं मशीन कायम बिघडलेलं. शनिवारी जाऊ नका, बाहेरगावची गर्दी असते. मंगळवार बुधवार त्यातल्या त्यात बरा. गाडी समोर लावली तर शेजारचा दुकानदार भांडतो, मागच्या गल्लीत लावा. डबा न्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत टिकते, कॅन्टीन नाही. रिपोर्ट इंग्रजीतच देतात, मराठीत द्यावा असं पण मी तक्रारवहीत लिहिलंय, त्यावर अजून काही झालं नाही. फाइलमधला पेनचा कागद मात्र मागून घ्या, न मागता देतात पण गर्दीत राहून जाऊ शकतो.

परवा किंदाला घेऊन पेढे द्यायला गेलो. कागदोपत्री नाव वेगळं आहे पण घरी अजून किंदाच म्हणतात, पैना नसताना पण. काउंटरवर तीच मुलगी. पेशंट कोण म्हणाली. म्हणलं पेशंट कुणी नाही, पेढे द्यायचेत. तिनं किंदाचा गाल ओढला, 27 नंबरचं टोकन हातात दिलं आणि दीड तास बसवलं.